मिक्सरआधी केबल बघा

नाट्यगृहाचं नूतनीकरण झालं की लाखोंचा मिक्सर येतो, केबल मात्र स्वस्तातली. नाटकांचा ध्वनिसंयोजक म्हणून माझा याला ठाम विरोध आहे.

बॅलन्स्ड केबलमध्ये तोच आवाज दोन तारांतून परस्परविरुद्ध जातो. वाटेत शिरलेली घरघर दोन्हींत सारखीच असते, म्हणून पलीकडे वजाबाकीत ती गळून पडते. पण त्यासाठी तारा नीट पिळलेल्या आणि जोड पक्के हवेत. एक्सएलआर कनेक्टरची 1 नंबरची पिन शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या कवचाची; 2 आणि 3 आवाजाच्या. यातल्या एकीचा डाग सुटला, की लाइटच्या डिमरची गुणगुण थेट प्रेक्षकांत.

दौऱ्यात केबल रोज गुंडाळली जाते, म्हणून मी विणलेल्या शील्डची, लवचीक केबलच घेतो. फॉइलची केबल भिंतीत कायमची टाकायला ठीक. लाइटच्या वायरींजवळून जायचं असेल तर चार तारांची स्टार-क्वाड. कनेक्टर बाहेरचं आवरण घट्ट धरणारा हवा, म्हणजे ताण डागावर येत नाही. ‘दैवी आवाजा’च्या महागड्या केबलींवर मात्र पैसे उधळू नयेत.

नाट्यगृहांच्या निविदेत केबल आणि कनेक्टरचा दर्जा स्वतंत्रपणे नोंदवलाच पाहिजे. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकानेही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात; नटाचा शब्द त्याला स्वच्छ ऐकू येणं हा त्याचा हक्क आहे.