प्रकल्प मुलांचा की पालकांचा? गोष्ट एका घरगुती गिटारची



प्रकल्प जमा करायचा दिवस आला की वर्गात देखण्या वस्तूंची रांग लागते. त्यातल्या किती मुलांनी स्वतः केल्या, हे तुम्हालाही माहीत असतं आणि आम्हालाही. माझं मत असं, की मुलाला असं काम द्यावं ज्यात चूक झाली तर ती वस्तूच बोलेल. बाईंच्या लाल पेनाची गरज पडू नये.

ब्रायन मे हा 'क्वीन' या इंग्लंडमधल्या प्रसिद्ध बँडचा गिटारवादक. १९६३ साली तो १६ वर्षांचा होता. दुकानातली चांगली इलेक्ट्रिक गिटार परवडत नव्हती. मग त्याने आणि वडिलांनी, हॅरॉल्ड मे यांनी, घरीच गिटार करायला घेतली. काम सुमारे दोन वर्षं चाललं. गिटारच्या मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी लाकूड घेतलं, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या होत्या.

त्यातला फिंगरबोर्ड मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फिंगरबोर्ड म्हणजे मानेवरची पट्टी, जिच्यावर बोटांनी तारा दाबतात. तो ओक लाकडाचा केला, काळा रंगवला आणि त्यावरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं वापरली. पण खरी कसोटी असते ती फ्रेटची, म्हणजे पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या तारांची.

आपल्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारचं तसं नाही. करवतीने खाच पाडली आणि फ्रेट ठोकला की संपलं. म्हणून आधी गणित, मग करवत.

हे गणित असं. या गिटारच्या तारेची लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागा. ३४.२ मिलिमीटर येतात, तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागा. ३२.३ येतात, पहिल्यापासून तेवढ्यावर दुसरा. असं करत गेलं की बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, १२ इंचांवर येतो आणि तिथे वरच्या सप्तकातला तोच सूर वाजतो.

आता इथे एक गंमत आहे. प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजला आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर जास्त धरला, तर बाराव्या फ्रेटला ६ मिलिमीटरचा फरक पडतो. सूर सरळ सरळ बेसूर! म्हणून सगळी अंतरं आधी बेरीज करून काढायची आणि पट्टी न हलवता तारेच्या सुरुवातीपासूनच खुणा करायच्या. "मोजपट्टी शून्यावर ठेव" असं आपण रोज सांगतो. ते का सांगतो, हे इथे मुलाच्या कानाला कळतं.

"एवढं कुठे जमणार आमच्या मुलांना?" असं कोणी म्हणेल. मग सोपं करू. फळीवर दोन आधार ठोका, त्यांत बरोबर ६० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि त्यांवरून एक तार ताणून बांधा. मोकळी तार म्हणजे सा. सुरुवातीपासून १५ सेंटिमीटरवर दाबा, मध्यम. २० वर पंचम, ३० वर वरचा सा. उरलेली तार अनुक्रमे तीन चतुर्थांश, दोन तृतीयांश आणि निम्मी. पाचवीच्या अपूर्णांकांना चक्क आवाज फुटतो! फक्त ताणलेल्या तारेजवळ मोठ्या माणसाने थांबायचं, डोळे जपायचे.

हॅरॉल्ड मे स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. पण ते लेकाच्या बरोबरीने राबले, हे महत्त्वाचं. पालकांनी करवत धरायला शिकवावं, लाकूड घट्ट धरून ठेवावं. खूण मात्र मुलालाच करू द्यावी. चुकली तर चुकली. आठ दिवस जास्त लागले तरी चालतील, आणि आम्ही शिक्षकांनीही तेवढी मुदत द्यायला हवी.

ब्रायन मे पुढे जगभरच्या मंचांवर हीच गिटार वाजवत राहिला. आपली मुलं गिटारवादक होतील न होतील. पण "हे मी केलंय आणि ते सुरात वाजतंय" असं एकदा तरी म्हणायची संधी त्यांना मिळायला हवी. ती विकत आणलेल्या प्रकल्पातून मिळत नाही.