सोळाचा मोह, आठाचा हिशेब

डोंबिवलीच्या त्या घरात बारावीच्या वर्षी एक करार झाला होता. इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला की कॉम्प्युटरमध्ये गेम खेळण्याजोगं ग्राफिक्स कार्ड बसवायचं. मुलानं आपली बाजू पाळली आणि २०२४च्या दिवाळीआधी वडिलांवर आपली पाळायची वेळ आली. बजेट पस्तीस हजार, वर एक रुपया नाही. बापलेक लोकलनं दादरला उतरले, गाडी बदलून ग्रँट रोडला आले आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोडला. या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग झाल्याला कितीतरी वर्षं लोटली, पण कॉम्प्युटरच्या धंद्यातले लोक अजून लॅमिंग्टनच म्हणतात. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरात एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, तशी मुंबईत ही जागा.

दुकानदारानं काउंटरवर दोन खोकी ठेवली. एक एनव्हिडियाच्या जीफोर्स आरटीएक्स ४०६०चं, दुसरं एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७६०० एक्सटीचं. पहिलं जून २०२३मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला बाजारात आलं होतं, दुसरं जानेवारी २०२४मध्ये ३२९ डॉलरला. इथं १८ टक्के जीएसटी धरून दोन्ही तीस हजारांच्या आगेमागे.

‘‘फरक काय दोघांत?’’ वडिलांनी विचारलं.

‘‘बाबा, ह्यात आठ जीबी मेमरी आहे, ह्यात सोळा!’’

‘‘मग सोळाचंच घे की. पैसे तर सारखेच!’’

भल्याभल्यांची गाडी इथंच चुकते. कार्डावरची ही मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. खेळातली घरं, झाडं, माणसांचे चेहरे यांची चित्रं हाताशी राहावीत म्हणून ती या ओट्यावर मांडून ठेवलेली असतात. पण ओटा दुप्पट झाला म्हणून पोळ्या दुप्पट वेगानं होत नाहीत. तो वेग हातांचा, म्हणजे कार्डावरच्या चिपचा. त्या बाबतीत ही दोन कार्डं साध्या चित्रणात जवळपास बरोबरीची. रे ट्रेसिंग, म्हणजे उजेड-सावल्यांचा खराखुरा हिशेब मांडणारं चित्रण सुरू केलं की एनव्हिडियाचं कार्ड पुढं जातं.

मात्र ओटा अपुरा पडला तर काय, हेही पाहायला हवं. मग प्रत्येक डबा माळ्यावरून काढायचा आणि परत ठेवायचा. खेळ अडखळतो, भिंतींवरची चित्रं धुरकट दिसतात. मार्च २०२३मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग पीसीवर आला तेव्हा आठ जीबीवाल्यांनी हा अनुभव पुरेपूर घेतला. पुढं कंपनीनं दुरुस्त्या करून त्रास बराच कमी केला. त्यातही मेख अशी, की ही दोन्ही कार्डं मदरबोर्डाशी सोळाऐवजी आठच वाटांनी बोलतात. डोंबिवलीतला कॉम्प्युटर २०१८चा, त्याच्या मदरबोर्डावर या वाटा जुन्या, म्हणजे निम्म्या वेगाच्या. थोडक्यात, माळा आणखी उंच! आठ जीबी भरली की अशा जुन्या मशीनवर त्रास जास्त होतो. मुलाचा सोळाचा आग्रह अगदीच पोरकट नव्हता.

या दोन कंपन्यांच्या भांडणात एक गंमत आहे. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू, दोघंही जन्मानं तैवानचे, लहानपणी अमेरिकेत गेलेले आणि चक्क एकमेकांचे दूरचे नातेवाईक. वर या दोन्ही कार्डांच्या चिप्स बनतात एकाच कारखानदाराकडे, तैवानच्या टीएसएमसीकडे. भाऊबंदकी म्हणावी तर अशी! ग्राहकानं यातून एवढंच घ्यायचं, की खोक्यावर या दोघांचं नाव मोठं असलं तरी कार्ड बांधणारी कंपनी बहुधा तिसरीच असते. असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर वगैरे. कार्ड बिघडलं तर वॉरंटीसाठी दार तिचंच ठोठवावं लागतं. म्हणून तिचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावात किंवा जवळपास आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारलेलं बरं.

बापलेक सोळा की आठ यात गुंतलेले असताना दुकानदारानं भलताच प्रश्न टाकला. ‘‘एसएमपीएस किती वॅटचा आहे?’’

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. मुलानं फोनमधला फोटो दाखवला. साडेचारशे वॅट, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, नाव कधी न ऐकलेलं. दुकानदारानं मान हलवली. ४०६० पूर्ण भारात ११५ वॅट खातं, ७६०० एक्सटी १९०. पहिल्यासाठी कंपनी साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस सांगते, दुसऱ्यासाठी सहाशेचा. चांगल्या नावाचा साडेचारशेचा असता तर ४०६० त्यावर बहुधा निभावलं असतं. पण फुकट आलेल्या डब्यावर तीस हजारांचं कार्ड टांगणं म्हणजे नव्या मोटारीला भंगारातले टायर. तो बदलायचा तर आणखी चारेक हजार. पस्तीस हजारांच्या मर्यादेत हे बसतंय का, याचा हिशेब वडील बिलाच्या पाठीवर करू लागले.

विजेचाही हिशेब त्यांनी तिथंच मांडला. फरक ७५ वॅटचा. रोज तीन तास पूर्ण भारात खेळ झाला तर वर्षाला सुमारे ८२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर आठशे-सव्वाआठशे रुपये. वर मे महिन्यात त्या खोलीत वाढणारी उष्णता वेगळीच.

‘‘आणि मॉनिटर?’’ दुकानदाराचा पुढचा प्रश्न.

मॉनिटर साधा, १०८० पिक्सेल उंचीचा, साठ हर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. कार्डानं दीडशे चित्रं तयार केली तरी डोळ्यांपुढं येणार साठच. एनव्हिडियाच्या जाहिरातीतला मोठा मुद्दा होता डीएलएसएस ३चा. त्यात दोन खऱ्या चित्रांमध्ये एक चित्र कार्ड स्वतःच्या अंदाजानं घालतं, त्यामुळं हालचाल जास्त मुलायम दिसते. एएमडीचं एफएसआर ३ हेच काम करतं, तेही दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरसुद्धा. पण साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर या जादूचा फायदा नाही म्हटलं तरी चालेल. आणि मुलगा खेळायचा काय, तर मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ आणि सवडीनं ‘जीटीए ५’. हे खेळ याहून निम्म्या किमतीच्या कार्डावरही सुखानं चालतात. हे वाक्य दुकानदार बोलला नाही. कोणता दुकानदार बोलेल? पण ते खरं होतं आणि मुलालाही ते ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांपुढं मात्र पुढच्या चार वर्षांत येणारे मोठे खेळ होते.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. कॉम्प्युटर घरात एकच, त्यामुळं रात्री अकरानंतर तो तिचा. तिला ब्लेंडरमध्ये काम करायचं होतं. (‘‘घरात आहे की ब्लेंडर!’’ असं आई मागून म्हणाल्याचं फोनवर स्पष्ट ऐकू आलं.) हे ब्लेंडर म्हणजे त्रिमिती चित्रं बनवायचं मोफत सॉफ्टवेअर. ते एएमडीच्या कार्डावरही चालतं, पण एवढ्याच किमतीचं एनव्हिडियाचं कार्ड तेच चित्र बऱ्याच कमी वेळात पूर्ण करून देतं. तिचे प्रोजेक्ट लहान, एखादं घर किंवा अंगण. त्यांना आठ जीबी पुरत होती.

‘‘ताईसाठी कार्ड घेतोय की माझ्यासाठी?’’ मुलगा कुरकुरला.

‘‘घरासाठी,’’ वडील म्हणाले.

४०६० आणि साडेपाचशे वॅटचा चांगला एसएमपीएस, एकूण बिल पस्तीस हजारांच्या आत. मुलगा एकटाच असता, मॉनिटर मोठा असता आणि एसएमपीएस आधीच दणकट असता, तर सोळा जीबीचं खोकं उचलणंच शहाणपणाचं ठरलं असतं. डिसेंबर २०२४मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आला तेव्हा मुलाला हे जाणवलंच. आठ जीबीत बसवण्यासाठी त्याला चित्रांच्या मेमरीची सेटिंग खाली आणावी लागली. दोन दिवस तो घुम्यासारखा वावरला. तिसऱ्या दिवशी ताईनं त्याच कार्डावर बनवलेलं आपल्या घराचं चित्र दाखवलं. गॅलरीतल्या तुळशीसकट. तेव्हा तो जरा निवळला.

२०२५मध्ये नवी पिढी आली तरी पेच तसाच राहिला, उलट जरा फसवा झाला. मे महिन्यात आलेल्या आरटीएक्स ५०६०मध्ये मेमरी पुन्हा आठच. जूनमध्ये आलेलं आरएक्स ९०६० एक्सटी आठ आणि सोळा अशा दोन्ही प्रकारांत, नाव मात्र एकच. एप्रिलमधल्या आरटीएक्स ५०६० टीआयचीही तीच तऱ्हा. त्यामुळं नुसतं नाव सांगून कार्ड मागितलं तर हातात कोणतं पडेल याचा नेम नाही. बिलावर जीबीचा आकडा लिहून घ्यावाच.

डोंबिवलीत त्या रात्री कार्ड बसवून झालं, कॅबिनेटचं झाकण लागलं. वडिलांनी बिल कपाटातल्या फाइलमध्ये नीट लावलं.

‘‘आता पाच वर्षं काही मागायचं नाही हं!’’

‘‘नाही बाबा,’’ मुलगा म्हणाला. त्याची नजर मॉनिटरवर होती. ‘‘फक्त हा साठ हर्ट्झचाच आहे ना...’’