जुलाब बाळाला, खटला आईवर

बाळाला उलट्या-जुलाब लागले की आमच्या कॅम्प ४ मध्ये डॉक्टरच्या आधी सासू निदान करते : बाटली नीट उकळली नसेल. शेजारीण म्हणते, दात येताहेत. नवरा विचारतो, "दिवसभर घरात करतेस काय?" दिवसभर ती जीन्सचे धागे कापते आणि नळ येईल त्या वेळेला हंडे भरते. पण घरात बसून केलेलं काम ते काम थोडंच!

बायांनो, हा आजार काय आहे ते एकदा समजून घेऊ. लहान बाळांच्या जीवघेण्या जुलाबामागे बरेचदा रोटा नावाचा विषाणू असतो. तो १९७३ साली रूथ बिशप या बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी शोधला, तोही मेलबर्नमध्ये. तिथे काय हंडे भरावे लागत होते? लस येण्याआधी जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत तो एकदा तरी गाठायचाच, बंगल्यात आणि बॅरेकमध्येही. हात जरूर धुवा, पण नुसत्या स्वच्छतेने तो थांबत नाही. कालपर्यंत धडधाकट खेळणारं बाळ एक-दोन दिवसांत सुकून जातं. बंगल्यातल्या बाळाला लगेच सलाईन लागतं. बॅरेकमधलं बाळ रिक्षाचे पैसे जमेपर्यंत थांबतं. मरण येतं ते या थांबण्यातून, आणि नाव आईच्या हातांचं होतं.

तोंडाने द्यायची लस आहे. खाजगी दवाखान्यात ती आधीपासून विकत मिळत होती. सरकारी कार्यक्रमात ती २०१६ मध्ये चार राज्यांत आली, महाराष्ट्रात थेट २०१९ मध्ये. ज्यांना जास्त गरज, त्यांची पाळी शेवटी! लसीने सगळे जुलाब थांबत नाहीत, पण रोटाचा गंभीर आजार सुमारे निम्म्याने कमी होतो.

डोस तीन : ६, १० आणि १४ आठवड्यांना. म्हणजे नगावर पैसे मिळवणाऱ्या बाईच्या तीन दिवसांच्या कमाईला कात्री. डोस चुकला की बोलणी तिलाच. बापाला एक तरी प्रश्न विचारलेला कोणी ऐकलाय? लसीकरण संध्याकाळी आणि रविवारीही ठेवा, ही मागणी आपण महापालिकेकडे लावून धरली पाहिजे.

पहिला डोस राहिला असेल तर बाळ वर्षाचं होईपर्यंत सुरू करता येतो. जुलाब लागले तर अंगावरचं दूध चालू ठेवा, जलसंजीवनी घोट घोट पाजा, झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर कोणाच्या परवानगीची वाट न बघता दवाखाना गाठा. बाप घरात असेल तर बाळ त्याच्या कडेवर द्या.