औषधालाही माणूस नाही!

वाचकहो, मृगाचा पाऊस पडून वापसा आल्यावर बियाणे शोधायला निघणाऱ्या शेतकऱ्याला गाव काय म्हणेल? वेड्यात काढेल. बी-भरणाची तजवीज उन्हाळ्यातच करून ठेवायची असते, हे शेंबड्या पोरालाही कळते. सरकारी औषधखरेदीत मात्र ही साधी गोष्ट वर्षानुवर्षे कळूनही वळत नाही.

सर्पदंशाच्या लसीचेच घ्या. साप चावण्याचे दिवस म्हणजे पावसाळा. चावा बसतो तो पेरणी-खुरपणीला वाकलेल्या माणसाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर चालणारी लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती यायलाच महिनोन् महिने जातात. म्हणजे जूनमध्ये साप निघाले म्हणून जूनमध्ये ऑर्डर दिली, तर कारखानदार ती आणणार कुठून? तिची मागणी हिवाळ्यातच गेली पाहिजे आणि माल वळवाच्या पावसाआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात पडला पाहिजे. हे होत नाही तेव्हा नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात. डॉक्टर म्हणतात, 'वरूनच आली नाही.' आणि रुग्णाला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावाकडे पळावे लागते.

हे 'वर' म्हणजे नेमके कोण? आमचा आजचा मुद्दा तोच आहे. औषध नसले की आपण एकतर डॉक्टरला शिव्या घालतो, नाहीतर 'खाल्ले असतील पैसे' म्हणून मोकळे होतो. पैसे खाणारे आहेतच, त्यांची बाजू आम्ही घेत नाही. पण त्याही आधीचा रोग असा, की खरेदी हे सरकारी कचेरीत बहुतेक ठिकाणी कोणाचेच पूर्णवेळचे काम नसते.

आरोग्य केंद्रातला औषध निर्माण अधिकारी मागणीपत्र करतो. त्यालाच रोज खिडकीवर गोळ्या वाटायच्या असतात आणि संगणकावर साठ्याची नोंदही करायची असते. ते कागद तालुका, जिल्हा परिषद असे करत मुंबईला पोहोचतात. वाटेतल्या टेबलांवर बसलेली माणसे म्हणजे कोणी डॉक्टर, ज्याला निविदेतल्या अटी कधी कोणी शिकवल्या नाहीत. कोणी लिपिक, ज्याच्याकडे आणखी दोन टेबलांचा 'अतिरिक्त कार्यभार' आहे. कायद्याने साधारण तीन वर्षांनी बदली ठरलेली. काम अंगवळणी पडते न पडते तोच साहेबांची ऑर्डर निघते आणि नवा माणूस पुन्हा श्रीगणेशा गिरवतो. मग मार्चअखेर उजाडते. निधी परत जाऊ नये म्हणून जे मिळेल ते घेतले जाते. वर्षाच्या शेवटी अशी खर्चाची झुंबड उडवणे हा आर्थिक शिस्तीचा भंग आहे, असे केंद्र सरकारची वित्तीय नियमावली स्वच्छ शब्दांत सांगते. पण नियम कपाटात आणि झुंबड बाजारात!

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. 2017 साली वेगवेगळ्या खात्यांची औषधखरेदी एकत्र करून ती हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. हाफकिनचे नाव मोठे, लसनिर्मितीतला वारसा शतकापलीकडचा. पण लस बनवणे ही एक विद्या आणि राज्यभरासाठी हजार जिनसा वेळेवर विकत घेणे ही दुसरी. सुगरणीला बाजार समितीचा सचिव केले म्हणून भाव आटोक्यात येत नाहीत. उशीर झाला, ओरड झाली आणि 2023 साली कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण दगावल्याची बातमी आली. औषधांचा तुटवडा नव्हता असे सरकारने सांगितले. नातेवाइकांचे म्हणणे वेगळे होते. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्या सुनावणीत एक गोष्ट समोर आली, ती अशी की ज्या प्राधिकरणाने औषधे घ्यायची, त्यालाच तेव्हा पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नव्हता. कायदा झाला, पाटी लागली. पण खुर्चीवर पूर्णवेळ माणूस नव्हता. औषधालाही माणूस सापडू नये, ते यालाच म्हणतात!

औषध वेळेवर आले तरी ते औषधच आहे हे बघायला माणूस लागतो. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या. 2024 साली अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातही तोच प्रकार उघडकीस आला. गोळीत औषधच नाही! आधी वाटप आणि मागाहून तपासणी असा उलटा कारभार असला, तर अहवाल येईपर्यंत गोळ्या रुग्णांच्या पोटात गेलेल्या असतात.

कोणी म्हणेल, आता सगळे ऑनलाइन आहे. ई-निविदा आहे, 2016 पासून केंद्राचे जेम पोर्टल आहे. बरोबर आहे, आणि ते चांगलेच झाले. पण संगणक निविदा उघडतो. काय मागायचे, किती, कधी आणि कोणत्या प्रतीचे हे तो सांगत नाही. पुरवठादाराचे जुने बिल का थकले आणि त्यामुळे यंदा तो निविदाच का भरत नाही, याचा पाठपुरावाही तो करत नाही. ते माणसानेच करायचे.

दुसरी शंका अधिक रास्त आहे. एकच माणूस खरेदीत कायम बसला तर ठेकेदाराशी लागेबांधे होणार नाहीत का? होतील. म्हणून माणूस बदलावाच. पण त्याच्या जागी येणारा त्याच कामात तयार झालेला असावा. आणि प्रत कोणी ठरवायची, निविदा कोणी उघडायची, माल कोणी तपासायचा, बिल कोणी काढायचे, हे चार हात वेगळे असावेत. रेल्वेने भांडार विभाग आणि त्यासाठी वेगळी सेवा उभी केली, ती रूळ आणि डब्याचे सुटे भाग वेळेवर न मिळाल्यास गाडी थांबते म्हणून. दवाखान्यात तर श्वास थांबतो.

दूर कशाला, तामिळनाडूकडे बघा. त्यांनी 1994 साली औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ काढले. औषधांची यादी ठरवली, जिल्ह्या-जिल्ह्यात गोदामे बांधली, आलेल्या मालाचे नमुने आधी प्रयोगशाळेत आणि पास झाले तरच वाटप, असा शिरस्ता घातला. प्रत्येक दवाखान्याला चक्क पासबुक दिले. त्यात त्याची वर्षाची रक्कम मांडलेली; गोदामातून औषध उचलले की तेवढी वजा. बचत गटातल्या आपल्या आयाबहिणींना जे पासबुक समजते, ते मंत्रालयाला समजायला अवघड नसावे. तीन दशके होऊन गेली, पुढे केरळ आणि राजस्थाननेही अशी महामंडळे काढली. आपण त्या वाटेला लागलो ते इतक्या उशिरा, म्हणून तरी आता अर्धवट राहू नये.

सरकारकडे आमचे मागणे लांबलचक नाही. खरेदीसाठी शिकवलेल्या माणसांचा वेगळा संवर्ग करा, जिल्हा भांडारापर्यंत. 'प्रभारी' आणि 'अतिरिक्त' हे शब्द या कामातून काढून टाका. तपासणीआधी एकही गोळी वाटू नका. पुरवठादाराचे बिल ठरल्या मुदतीत द्या.

आणि वाचकहो, थोडे काम आपल्याकडेही आहे. येत्या ग्रामसभेत रस्ता-गटारासोबत हाही विषय घ्या. आपल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाच्या, कुत्र्याच्या लसीच्या बाटल्या आज किती, पुढची मागणी कोणत्या तारखेला गेली, ती कोणाच्या टेबलावर आहे, हे विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. हे विचारायला हिवाळा बरा. साप निघाल्यावर विचारून काय उपयोग?