हरकत, आपत्ती आणि नगराचा आराखडा

अभ्यागत प्राध्यापक म्हणून जबलपुरात राहण्याचा योग आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. या शहरातील कितीतरी वस्त्यांची नावे तलावांची आहेत: राणीताल, आधारताल, चेरीताल, हनुमानताल. एक तलाव राणी दुर्गावतीने बांधला, एक तिच्या मंत्र्याने, आधारसिंहाने, आणि एक तिच्या दासीने, म्हणजे चेरीने, अशी आख्यायिका येथे सांगतात. गोंडकालीन तलावांची संख्या लोकस्मृतीत बावन्न आहे. हनुमानताल आजही पाण्याने भरलेला दिसतो. चेरीताल पाहावयास निघालो, तेव्हा मात्र रिक्षावाल्याने मला घरांच्या दाटीत उतरवले आणि “यही है चेरीताल” असे सांगितले. नाव उरले होते. ज्याचे ते नाव, ते पाणी उरले नव्हते. शब्द आणि वस्तू यांची फारकत साहित्याभ्यासकाला नवी नाही. परंतु ही फारकत कविकल्पनेतून झालेली नव्हती, जमिनीच्या वापरातून झालेली होती. जमिनीचा वापर ठरविणारा जो दस्तऐवज, तो आम्ही भाषेचे अभ्यासक कधी वाचतो काय, असा प्रश्न त्या दिवसापासून मनात घर करून आहे. प्रस्तुत टिपणाचे निमित्त तोच प्रश्न होय.

मध्य प्रदेशाचा १९७३ चा ‘नगर तथा ग्राम निवेश अधिनियम’ चाळला, तर त्याच्या सोळाव्या कलमात एक विलक्षण तरतूद आढळते. विद्यमान भूमिवापराचा नकाशा प्रसिद्ध झाला की त्या क्षणापासून, संचालकाच्या लेखी परवानगीवाचून, जमिनीच्या वापरात बदल करता येत नाही. कायद्याच्या परिभाषेत वापर ‘गोठतो’. आराखडा तयार होत असताना कोणी घाईघाईने तलाव बुजवून इमारत उभी करू नये आणि ‘आता येथे इमारतच आहे’ असा युक्तिवाद पुढे आणू नये, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातही आराखड्याचा इरादा जाहीर झाल्यावर विकासावर निर्बंध येतात. तेव्हा बांधकामाला तात्पुरता विराम देणे ही कोणा विकासविरोधकाची कल्पना नसून खुद्द नियोजनाच्या कायद्यातच ती अंतर्भूत आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

विराम मात्र कशासाठी? माझ्या मते त्याचे उत्तर एका शब्दात देता येते: वाचनासाठी. आराखडा ही एक संहिता आहे, आणि ती अंतिम होण्यापूर्वी ज्यांच्या आयुष्यावर ती लिहिली जाणार त्यांनी ती वाचलेली असावी. येथेच भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. तरीही नियोजनाच्या क्षेत्रात दोन्ही भाषांचे शब्द किती वेगळ्या दिशांनी गेले आहेत ते पाहण्यासारखे आहे. मराठी ज्याला ‘नगररचना’ म्हणते, त्याला हिंदी ‘नगर निवेश’ म्हणते. ‘रचना’ म्हटले की आपल्याला काव्य आठवते, आणि रचनेला कर्ता असतो. ‘निवेश’ या संस्कृत शब्दाचा अर्थ तळ, वसाहत. परंतु आजच्या हिंदी वाचकाला त्यातून प्रथम बोध होतो तो भांडवल गुंतविण्याचा. याहून बोलका आहे तो दुसरा शब्द. आराखड्याविरुद्ध नागरिक जे नोंदवतो त्याला मराठीत ‘हरकत’ आणि हिंदीत ‘आपत्ति’ म्हणतात. ‘हरकत’ मूळची अरबी, अर्थ हालचाल. हिंदीत तिला आगळिकीची छटा आहे. आणि ‘आपत्ती’ म्हणजे मराठीत थेट संकट! नागरिकाचा आक्षेप हा एका भाषेच्या कानाला आगळीक आणि दुसरीच्या कानाला अरिष्ट वाटावा, हा केवळ व्युत्पत्तीचा योगायोग आहे. तथापि अनेक कार्यालयांची वृत्ती या योगायोगाला साक्ष देते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

हे असे असण्याची आवश्यकता नव्हती. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंताने जबलपूरच्या नगरपालिकेसाठी १९१७ मध्ये नगररचनेचा अहवाल लिहिला होता, हे येथेही फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्याच सुमारास त्याने नागपूर, लखनौ, इंदूर अशा अनेक नगरांविषयी लिहिले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुखपदही त्याने भूषविले. आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी उपचार, हा त्याचा क्रम होता. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्यापेक्षा मोजकी आणि राखीव शस्त्रक्रिया करावी, असा त्याचा आग्रह असे. हिवतापाच्या भयाने तळी बुजविण्यास त्याचा विरोध होता. इंदुरात त्याने प्लेगच्या दिवसांत दिवाळीची मिरवणूक काढवली. ज्या वस्तीतील लोक घरे आणि गल्ल्या स्वच्छ करतील, तिच्यातून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. होळकरांच्या त्या नगरीत नियोजन उत्सवाच्या भाषेत लोकांपर्यंत गेले. गेडिस परका होता आणि त्याचे अहवाल इंग्रजीत होते. तरीही लोकांना कळेल असे रूप शोधल्याशिवाय नियोजन पुरे होत नाही, हे त्याला उमगले होते.

अलीकडचे उदाहरण गोव्याचे. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि डोंगर, शेते व किनारे वसाहतीसाठी खुले होत आहेत हे गावोगावी कळताच मोठे आंदोलन उभे राहिले. ‘गोवा बचाव अभियान’ त्यातून जन्मले. २००७ च्या आरंभी शासनाला तो आराखडा मागे घ्यावा लागला. हा पहिला विराम. त्याच्या पोटी काम घडले: चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले, ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ चा मसुदा २००८ मध्ये आला, गावांचे नकाशे पंचायतींकडे गेले आणि ग्रामस्थांनी आपली तळी, खाजन जमिनी, देवराया आणि पायवाटा त्यांवर शोधल्या. अंतिम नकाशे गावांच्या सूचनांशी जुळत नाहीत, अशा तक्रारी पुढे झाल्या, हे खरे. तथापि गावाने नकाशा हाती घेऊन वाचला, ही घटना लहान नव्हती.

दुसरा विराम २०१२ चा. नव्या शासनाने तोच आराखडा स्थगित ठेवला. परंतु या स्थगितीला ना निश्चित मुदत होती, ना तिच्या काळात करावयाच्या कामाचा कार्यक्रम. वर्षे गेली. पुढे आराखड्यातील ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट २०२३ मध्ये कायद्यातच करण्यात आली, आणि तिच्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला २०२५ मध्ये रद्द ठरवावे लागले. साधन एकच, पण पहिल्या विरामात वाचन होते, दुसऱ्यात केवळ शांतता होती. आणि अशी शांतता ज्याला कार्यालयाचा रस्ता माहीत असतो त्याच्याच उपयोगी पडते.

स्थगितीवरील मुख्य आक्षेप याच ठिकाणी विचारात घेतला पाहिजे. बांधकाम थांबले की भरडला जातो तो लहान माणूस. गळके छप्पर बदलण्यास त्याला परवानगी मिळत नाही, आणि धनिक मात्र थांबू शकतो, असे म्हणतात. आक्षेप खरा आहे. म्हणूनच विरामाला ठरलेली मुदत हवी, राहत्या घराच्या दुरुस्तीला त्यातून सूट हवी, आणि त्या मुदतीत कोणते वाचन व्हावयाचे याचे वेळापत्रक आधी जाहीर झाले पाहिजे. यांपैकी एकही अट पाळली जात नसेल, तर स्थगितीचा पक्ष घेणे कठीण आहे.

वाचन म्हणजे नुसते प्रदर्शन नव्हे. पश्चिम घाटाविषयीचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. लोकांसमोर तो आला मे २०१२ मध्ये, तोही माहितीच्या अधिकाराखालील लढ्यानंतर, आणि इंग्रजीत. ज्या अहवालाचा भर ग्रामसभांच्या मतावर होता, तो ग्रामसभांच्या भाषेत मुळात नव्हता. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणामांविषयीच्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. तो प्रश्न न्यायालयात एका पर्यावरण कार्यकर्त्याने नेला. भारतीय भाषांच्या एखाद्या विभागाने तो का नेला नाही, हे आपण स्वतःलाच विचारले पाहिजे.

अनुवाद हा आपला व्यवसाय आहे. कादंबऱ्यांच्या अनुवादांवर आपण परिसंवाद भरवितो. तेच सामर्थ्य वर्षातून एकदा एखाद्या आराखड्याच्या मसुद्याला का लाभू नये? विद्यार्थ्यांनी मसुदा सुगम मराठीत, हिंदीत, गोंडीत आणावा, प्रभागात त्याचे जाहीर वाचन करावे, वृद्धांना विचारून जुन्या तलावांची व वाटांची नावे नकाशावर भरावीत. कायद्याने हरकतींसाठी दिलेले दिवस फार थोडे असतात. त्या थोड्या दिवसांत न समजलेल्या मजकुराला कोणी हरकत कशी घेणार?

चेरीतालाचे पाणी आता परत येणार नाही. हनुमानतालाचे आहे. पुढचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा त्याच्या काठावर बसून कोणीतरी तो मोठ्याने वाचावा, ऐकणाऱ्याने मध्येच थांबवून “ही ओळ पुन्हा वाचा” असे म्हणावे, आणि त्या ओळीवर हरकत नोंदवावी. तिला आगळीक अथवा आपत्ती न समजण्याइतपत भाषाज्ञान कार्यालयांना देणे, हेही आपल्याच अध्यापनाचे अंग आहे.