सजगता आणि पगारपत्रक

उद्योगधंद्यांच्या धुरीणांनी रोज काही वेळ डोळे मिटून आपल्या श्वासाकडे लक्ष द्यावे, म्हणजे त्यांचे निर्णय स्थिरबुद्धीने होतील आणि त्यांच्या हाताखालील माणसेही शांत चित्ताने काम करतील, असे प्रतिपादन व्यवस्थापनशास्त्रात आता रूढ झाले आहे. ‘माइंडफुलनेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साधनेचा आधुनिक अवतार अमेरिकेतला. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी बौद्ध ध्यानपद्धतीवर आधारलेला एक अभ्यासक्रम सुरू केला. रुग्णाला त्याचे दुखणे सुसह्य व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे हीच साधना रुग्णालयातून कंपन्यांच्या सभागृहांत गेली, आणि तेथे उत्पादकता हे तिचे प्रयोजन ठरले.

या स्थित्यंतराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे एटना ही अमेरिकन आरोग्यविमा कंपनी. तिचे मुख्याधिकारी मार्क बर्टोलिनी यांना २००४ मध्ये बर्फावरील घसरखेळात गंभीर अपघात झाला. वेदनाशमनासाठी ते योग व ध्यानाकडे वळले आणि गुण आल्यावर त्यांनी कर्मचाऱ्यांसाठीही असे वर्ग सुरू केले. कंपनीची सुमारे ५० हजार माणसे. त्यांतील पावहून अधिक माणसांनी या वर्गांत भाग घेतल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गांमुळे प्रत्येकाची उत्पादकता आठवड्याला सरासरी ६२ मिनिटांनी वाढली आणि कंपनीला त्यातून माणशी वर्षाकाठी ३,००० डॉलरचा लाभ झाला, असा कंपनीचाच हिशेब होता.

हा हिशेब बारकाईने पाहण्याजोगा आहे. वर्षाचे कामाचे आठवडे ५० धरले, तर ६२ मिनिटांचे सुमारे ५२ तास होतात. म्हणजे कामाच्या एका आठवड्याहून अधिक श्रम कंपनीच्या पदरात जादा पडले. शांत चित्त कामगाराचे. त्या शांतीचे मोल मात्र मालकाच्या खतावणीत जमा! या वाढीव मूल्यात कामगाराचा वाटा किती, हा प्रश्न ध्यानवर्गात विचारला जात नाही. आणि तो विचारला जात नाही, म्हणूनच हा वर्ग व्यवस्थापनाला इतका प्रिय होतो.

तथापि एटनाची कथा येथे संपत नाही. आपल्या काही कर्मचाऱ्यांना सरकारी अन्नसाह्य घ्यावे लागते, मुलांच्या औषधपाण्यासाठी गरिबांकरिता असलेल्या सरकारी योजनेवर विसंबावे लागते, हे बर्टोलिनी यांच्या ध्यानात आले. २०१५ मध्ये त्यांनी किमान वेतन ताशी १२ डॉलरवरून १६ डॉलरवर नेले. सुमारे ५,७०० कर्मचाऱ्यांना या निर्णयाचा लाभ झाला. आठवड्याचे ४० तास धरले, तर तळच्या माणसाच्या हाती वर्षाला सुमारे ८,००० डॉलर अधिक आले. घरभाड्याची आणि दवाखान्याच्या बिलाची चिंता श्वासाकडे पाहून काही काळ विसरता येईल. ती मिटते ती अशा वाढीने. धुरीणांच्या सजगतेला काही अर्थ असेल, तर तो हाच की तिने स्वतःच्या श्वासावरून निघून पगारपत्रकाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचावे.

परंतु एका सहृदय मुख्याधिकाऱ्याच्या अंतःकरणावर कामगारांचे भवितव्य किती काळ सोपवायचे? २०१८ मध्ये एटना सी.व्ही.एस. हेल्थ या कंपनीच्या मालकीची झाली आणि बर्टोलिनी मुख्याधिकारीपदावरून गेले. व्यक्तीच्या कृपेने मिळालेले व्यक्तीबरोबर जाऊ शकते. करार आणि कायदा यांची गोष्ट वेगळी आहे.

ज्या परंपरेतून ही साधना उचलली गेली, तिला हा भेद ठाऊक होता. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती एकटी येत नाही. सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका तिच्या सोबत आहेत. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातही साधनेपूर्वी शीलाचे व्रत घ्यावे लागते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तर मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुटी देणे. व्यवस्थापनशास्त्राने या शिकवणीतून स्मृती तेवढी घेतली आणि ही पाच कर्तव्ये मागेच ठेवली.

महाराष्ट्राला याची जाणीव विशेषत्वाने असायला हवी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्माची दीक्षा देणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याआधी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. मनाची मुक्ती आणि कामाचे तास या दोहोंची चिंता एकाच माणसाने वाहिली.

आज वारे उलट दिशेने वाहत आहेत. २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांच्या ९० तासांच्या विधानाने वादळ उठले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली. एकीकडे दिवस लांबवायचा आणि दुसरीकडे थकलेल्या माणसाला ध्यान शिकवायचे, यातील विसंगती कोणाही विचारी माणसाच्या लक्षात यावी.

कार्यकर्त्यांनी ध्यानाची टवाळी करण्याचे कारण नाही. अनेक श्रमिक कुटुंबांत ती श्रद्धेने केली जाणारी साधना आहे, आणि तिने दुःखिताला आधार दिला आहे. विरोध करायचा तो तिच्या आडून होणाऱ्या जबाबदारीच्या हस्तांतरणाला. कामाच्या रचनेतून उपजलेला ताण हा कामगाराच्या मनाचा दोष ठरविला जातो, तेव्हा युनियनने तीन प्रश्न टेबलावर ठेवावेत: कामाचे तास किती? माणसे पुरेशी आहेत का? वाढलेल्या उत्पादनात वाटा कोणाचा? ज्या व्यवस्थापनाचे चित्त खरोखर सजग आहे, त्याला या प्रश्नांची उत्तरे लेखी करारात देण्यास अडचण पडू नये.