माइक पब्लिककडं, मग आवाज कुठून?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. काहींना झोंबेल. त्यांनी अनफ्रेंड करण्याआधी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

परवा शांतता समितीची बैठक झाली. गणपती तोंडावर आले की दरवर्षी होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या, समोर अधिकारी, पहिल्या रांगेत सगळ्या पक्षांचे भाऊ-दादा-साहेब. विषय ठरलेला : यंदा डीजे नाही, पारंपरिक वाद्यं. टाळ्या. मी अठरा वर्षं ही बातमी करतोय, हेडिंगसुद्धा बदलावं लागत नाही. आणि मागच्या वर्षी ज्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, त्यांच्याच मिरवणुकीत दोन ट्रकांवर बॉक्सच्या भिंती उभ्या होत्या.

यंदा मी उठून एकच प्रश्न विचारला. "पारंपरिक वाद्यं म्हणता, पण ती वाजवणारा माणूस कुठं आहे? त्याला आज बोलावलं का?" हॉल शांत झाला. मग मागून कोणीतरी हसलं. मग चहा आला.

तो माणूस कुठं आहे ते मला माहीत आहे. म्हणून लिहितोय.

हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका शहरात एक महोत्सव झाला. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, तेरा तालुक्यांत कुठंही गेलात तरी चित्र हेच दिसेल. मोठा एलईडी पडदा, धुराची मशीन, टीव्हीवर गाजलेला एक गायक. खर्च सार्वजनिक पैशातून. मी पत्रकारांच्या रांगेत होतो आणि माझ्या शेजारी आमच्याच भागातले एक म्हातारे ढोलकीवादक. त्यांच्या पार्टीचा कार्यक्रम तिथंच दुपारी साडेचारला उरकला होता. उन्हात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, फक्त पंधरा मिनिटं. त्यातही मधेच सूत्रसंचालकानं थांबवलं, कारण पाहुण्यांची गाडी आली होती. शाल, नारळ, फोटो. मानधनाचं "नंतर बघू".

रात्री साडेनऊला मोठा गायक आला. पोरं मोबाईल वर करून नाचायला लागली. तिसऱ्या का चौथ्या गाण्यात त्यानं माइक पब्लिककडं केला. गाणं मात्र त्याच्याच आवाजात सुरूच! म्हाताऱ्या वादकानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "भाऊ, गाणं वाजून राह्यलं. गाऊन नाही राह्यला तो."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी दिली : '...यांच्या सुरांनी रसिक मंत्रमुग्ध'. हो, मीच दिली. आयोजकांची अर्ध्या पानाची जाहिरात होती ना! पत्रकारितेच्या डिप्लोमात हे शिकवत नाहीत, पण तालुका प्रतिनिधीला पहिल्या दिवाळी अंकातच शिकायला मिळतं. 'मंत्रमुग्ध' हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. खरोखर मंत्रमुग्ध झालो ते प्रसंग मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि त्यातल्या एकाचीही बातमी मी केलेली नाही.

पहिला प्रसंग. मी नववीत होतो. आमच्या गावात भीमजयंतीला गायन पार्टी आली होती. पेटी, ढोलक, बेंजो, दोन गाणारे आणि एक बाई, असा सवाल-जवाबाचा मुकाबला. स्टेज म्हणजे चार बैलगाड्यांवर टाकलेल्या फळ्या. साडेअकराला लाईट गेली. त्या काळी ती जायचीच, त्यात नवल नव्हतं. माइक मुका झाला. कोणीतरी गॅसबत्ती आणली. गाणारा फळीवरून खाली उतरला, लोकांच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं गायला लागला. मागं भिंतीला टेकून बसलेल्या बाया पुढं सरकल्या. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते जवळ आले, जे बोलत होते ते गप्प झाले. लाईट परत कधी आली ते मला आठवत नाही. कोणाला पर्वाच नव्हती. पहाटे बाबांनी मला खांद्यावर टाकून नेलं, असं आई सांगते. नववीतल्या घोड्याला खांद्यावर कसं नेलं असेल, हा प्रश्न वेगळा.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हीच परंपरा गावोगाव नेली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस आयुष्यभर वस्त्यावस्त्यांतून फिरला आणि जिथं रात्र पडली तिथं गायला. शाळेत न गेलेल्या माणसाला राज्यघटना म्हणजे काय, हे आधी गाण्यातून कळलं, भाषणातून नंतर. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. वय ७९. या माणसांच्या गाण्याला ट्रॅक नव्हता, श्वास होता.

दुसरा प्रसंग सप्तखंजेरीचा. सिरसोलीचे सत्यपाल महाराज. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही ऐकलं त्यांना सांगून पटणार नाही. एक माणूस, समोर सात खंजेऱ्या. हुंडा, दारू, बुवाबाजी, सगळ्यांवर आसूड. लोक आधी हसतात, आणि हसता हसता खाली बघायला लागतात. मी ऐकलं तेव्हा शेजारी बसलेल्या काकांनी अर्धी पुडी हळूच मागं फेकली होती. खंजेरी आपल्या वऱ्हाडाला तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) देणगी. गुरुदेव सेवा मंडळाचं गाव असेल तर आजही तिथं दोन-चार खंजेऱ्या भिंतीला टांगलेल्या सापडतील. हातात घेणारे सापडतील की नाही, ते मात्र जाऊन बघा.

तिसरा प्रसंग तुम्ही सगळ्यांनीच अनुभवलाय, फक्त त्याला कॉन्सर्ट म्हणत नाही. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते तो दिवस. पांढऱ्या कपड्यांतले टाळकरी, एका तालात पडणारी पावलं, मृदंग, आणि मागंपुढं लाखांनी चालणारी माणसं. टाळांचा तो आवाज छातीवर आदळत नाही, आत उतरतो. पहाटेच्या अंधारात पालखी दिसण्याआधी ती ऐकू येते. कोणी नाचा म्हणून सांगत नाही, तरी पाय थांबत नाहीत. सैलानीच्या यात्रेच्या दिवसांत ऐकलेली कव्वालीही अशीच. आणि १२ जानेवारीला सिंदखेड राजात शाहिराच्या डफावर थाप पडते तेव्हा कॉलेजची पोरं मोबाईल खिशात घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून "आजच्या पोरांना हे नकोच असतं" ही सबब मला सांगू नका.

पोरांना काय पाहिजे ते कोणी विचारलंच नाही. पैसे कोण देतो, तो ठरवतो. वर्गणी मंडळाची असली तरी डीजेचं बिल 'वरून' भागतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तोच भाऊ बँडपार्टीचं बिल भागवायला तयार नसतो. कारण सरळ आहे. बँडच्या गाडीवर एवढं मोठं फ्लेक्स बसत नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण बैठकीत 'डीजेबंदी, डीजेबंदी' सगळे म्हणतात आणि नियम कोणी वाचलेला नसतो. ध्वनिप्रदूषण नियम सन २००० चे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरता येतात, तिथं ५० आणि ४०. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा एकूण ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच. म्हणजे रहिवासी गल्लीत दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते, बस. लोकांना वाटतं ६५ आणि ९५ मध्ये तीसचाच फरक. तसं नसतं, भाऊ. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. तीस वाढले की हजारपट! म्हणून खिडकीच्या काचा थरथरतात आणि आजी उशी डोक्यावर घेऊन बसते.

पण इथं मी डीजेवाल्याच्या बाजूनंही दोन शब्द बोलणार. अनेकांना आवडणार नाही. डीजेवाला म्हणजे कोण? आपल्याच गावचा, बारावी झालेला, नोकरी न लागलेला पोरगा. बापाची दोन एकर, त्यातही सोयाबीनचं जे व्हायचं ते होतं. त्यानं फायनान्सवर बॉक्स घेतले, अँप्लिफायर घेतला, गाडी भाड्यानं घेतली. कारवाई होते तेव्हा सामान त्याचं जप्त होतं, कोर्टाच्या तारखा त्याला पडतात. ज्या भाऊनं "लाव रे, मी बघतो" म्हटलं होतं, तो दुसऱ्या दिवशी डीजेमुक्तीच्या बॅनरवर हात जोडून उभा असतो. सुपारी देणारा सुटतो, सुपारी घेणारा अडकतो. ही कसली बंदी?

आणखी एक कडू गोष्ट. काही जणांना आवाजाचा त्रास फक्त १४ एप्रिललाच होतो. काहींना फक्त ईदच्या जुलूसला, काहींना फक्त गणपतीत. स्वतःच्या पोराच्या वरातीत मात्र सगळ्यांचेच कान धडधाकट! दवाखान्यासमोर थांबून अर्धा तास नाचलेल्या वराती मी मोजल्यात, त्यांत सगळे रंग होते. मीटर लावायचा तर सगळ्यांना लावा, नाहीतर बैठका बंद करा, चहाचा खर्च वाचेल.

तर त्या वाजवणाऱ्या माणसाचं सांगत होतो. आमच्या भागात बँड, हलगी, सनई ही कला प्रामुख्यानं मातंग आणि मुस्लीम वस्त्यांमधल्या घरांनी सांभाळली. बापाकडून पोराकडं, नोटेशन न लिहिता. एका बँडमास्तरांच्या घरी गेलो होतो. क्लॅरिनेट पेटीत आहे, युफोनियम भंगारात वजनावर गेला. पितळेचा भाव बरा मिळाला, म्हणाले. त्यांचा पोरगा समृद्धी महामार्गावर टोलनाक्यावर लागलाय. लग्नसराईत पूर्वी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. आता वर्षाला पाच-सहा सुपाऱ्या मिळतात, त्याही मयतीच्या जास्त. माणूस गेल्यावर अजून बँड चालतो, तेवढंच.

सरकारची योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला महिन्याला ५,००० रुपये मानधन. चांगली योजना. पण अर्जाला पुरावे लागतात : कार्यक्रमाची प्रमाणपत्रं, पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं. आता सांगा, चाळीस वर्षं वराती वाजवणाऱ्याला प्रमाणपत्र कोणी दिलं? आणि कात्रणं? ती द्यायची होती माझ्यासारख्यांनी. आम्ही 'मंत्रमुग्ध' लिहिण्यात गुंतलो होतो. बातमीत पाहुण्यांची एकवीस नावं छापली, ढोलकीवाल्याचं एक नाही. हा गुन्हा माझा आहे, आणि तो मी या पोस्टमध्ये कबूल करतोय.

मागण्या फार नाहीत. सार्वजनिक पैशातून जो कार्यक्रम होईल त्यात निम्मा वेळ जिल्ह्यातल्या कलावंतांना द्या, आणि तोही रात्रीचा, उन्हातला नाही. मानधन त्याच दिवशी खात्यात टाका. सोबत लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र द्या. ट्रॅकवर गाणाऱ्याला बोलवायचंच असेल तर बोलवा, पण पत्रिकेवर 'लाईव्ह' छापू नका. एवढ्यासाठी जीआर लागत नाही, लाज लागते.

कोणी म्हणेल, सांगणं सोपं, प्रायोजक मोठ्या नावालाच पैसे देतो. बरोबर आहे. मग प्रायोजकाच्या पैशातून मोठं नाव आणा ना! नगराच्या, जिल्ह्याच्या तिजोरीतून कशाला?

सोमवारी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, चार प्रश्न. त्या महोत्सवाचा एकूण खर्च किती, बाहेरच्या कलावंतांना किती दिले, जिल्ह्यातल्या कलावंतांना किती दिले, आणि दिले असतील तर कोणत्या तारखेला. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आलं की जसंच्या तसं इथं टाकेन. नाही आलं तर अपिलाची प्रत टाकेन. जाहिरात गेली तर गेली.

तोवर एक काम करा. आपल्या गावात पेटी, ढोलकी, खंजेरी, हलगी, क्लॅरिनेट, डफ, काहीही वाजवणारा म्हातारा माणूस असेल तर कमेंटमध्ये नाही, मला इनबॉक्समध्ये कळवा. घाटावरचा असो की घाटाखालचा. मी येऊन भेटेन आणि त्याच्यावर नावासकट, फोटोसकट बातमी करेन. कात्रण त्याच्या हातात देईन.

त्या ढोलकीवाल्या बाबांचा काल फोन आला होता. मला वाटलं मानधनाचं विचारतील, सात महिने झाले. त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले, "भाऊ, गणपतीत कोण्या मंडळाले ढोलकी लागत असंन तर सांगजा. कातडं नवीन चढवलं."

कोणत्या मंडळाला पाहिजे असेल तर सांगा.